मुलाला शाळेत बांधकाम शिकायला आवडतंय, दहावीनंतर काय करू?

वाघोलीचा गवंडी

नमस्कार मंडळी. मी गवंडीकाम करतो, 22 वर्षं झाली. बिगारी म्हणून घमेली उचलायला लागलो आणि मिस्त्रीच्या हाताखाली बघून बघून थापी धरली, बसवून कुणी शिकवलं नाही. मुलगा नववीत आहे, गावाकडच्या शाळेत. तिथे मूलभूत तंत्रज्ञान ओळख विषय आहे, पाबळच्या विज्ञान आश्रमाचा, आठवड्यातला एक दिवस हातानं काम. वेल्डिंग, वायरिंग, शेती, रक्तगट तपासणं असं बरंच असतं पण याचा जीव बांधकामात अडकलाय.

परवा घरी येऊन विचारतो, पप्पा दहा बाय दहा फुटांच्या नऊ इंची भिंतीला विटा किती लागतील. मी म्हणलं हजार-अकराशे धर. त्यानं वही काढली, सिमेंटच्या मसाल्यासकट वीट नऊ बाय साडेचार बाय तीन इंच धरली, भिंत 75 घनफूट, आणि उत्तर काढलं 1067. वर म्हणतो तुम्ही पाया आखताना तीन-चार-पाच मापून गुण्या म्हणजे काटकोन काढता ना, तो पायथागोरस आहे. एवढी वर्षं दोरी ताणून तीन-चार-पाच करत आलोय, ते शाळेच्या पुस्तकात आहे हे मला पोरानं सांगितलं. त्या रात्री मला झोप नाही लागली.

बायको म्हणते तुम्ही उन्हात जळलात तेवढं पुरे, पोराला त्यात घालायचं नाही. तिचंही खोटं नाही, सिमेंटनं बोटांची सालं जातात, पाठ धरलेलीच असते. मार्क 65 टक्क्यांच्या आसपास असतात. दहावीनंतर आयटीआयला मेसन म्हणजे गवंडीकामाचा ट्रेड घेऊ का सरळ अकरावी सायन्सला घालू?

निदेशक

दादा, मी अशाच एका शाळेत अभियांत्रिकी विभाग शिकवतो. एक आधी सांगतो, हा विषय पोरांना गवंडी करायला नाहीये. विज्ञान आश्रम काढणारे डॉ. कलबाग अमेरिकेतून पीएचडी करून आलेले, हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून 1983 मध्ये पाबळसारख्या दुष्काळी गावात येऊन बसले ते याच्यासाठी की पोरांनी हातानं काम करता करता विज्ञान शिकावं.

गेल्या वर्षी आमच्या पोरांनी शाळेत एक कट्टा बांधला आणि विटा भिजवायच्या विसरले. चार दिवसांनी सांध्यातला मसाला नखानं उकरला तरी भुगा होऊन पडायला लागला. मी काही बोललो नाही, एक कोरडी वीट बादलीत टाकायला लावली. बुडबुडे यायला लागले तसं एक जण म्हणाला सर, ही वीट पाणी पितीय, मग तिनं मसाल्यातलं पण पिलं असणार. त्यांनीच कट्टा पाडला, परत बांधला आणि दहा दिवस आळीपाळीनं पाणी मारलं. यातलं एक पोरगं वर्गात कधी तोंड उघडत नव्हतं. तुमचा पोरगा वही काढून हिशोब करतोय ना, ते जपा. फक्त मजूर कमी पडला म्हणून त्याला साइटवर कामाला लावू नका, परांचीवर तर अजिबात नको.

ओळंबा

वरचं सगळं पटलं, पण दादांनी विचारलंय पुढं काय, ते सांगतो. मेसन ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पासवर पण मिळतो. वाईट नाही, पण थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जायचं तर दहावीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय लागतो, तिथे एक वर्षाचा ट्रेड चालत नाही. म्हणून ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढायचा ट्रेड बघा, दोन वर्षांचा आहे, दहावीला गणित-विज्ञान लागतं. त्यानंतर सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मी ह्याच रस्त्यानं आलो. नाहीतर दहावीनंतर सरळ तीन वर्षांचा डिप्लोमा आहेच. सायन्सला घालायचं तर त्याला आवडत असेल तरच घाला, लोक म्हणतात म्हणून नको. आमच्या साइटवर डिग्रीवाले येतात त्यांना ड्रॉइंग वाचता येतं पण सळईची बांधणी चुकलेली डोळ्याला दिसत नाही, तुमच्या पोराला दोन्ही येईल.

मंजू_शिरूर

मी पण शाळेत हा विषय केलाय. आमच्या बॅचला मुलींनीही वेल्डिंग केलं, फेरोसिमेंटचे पत्रे केले, जाळीवर मसाला थापताना हात फाटायचे पण मजा यायची. आईचा तेव्हा नकारच होता, पोरीच्या जातीला गवंडीकाम कशाला म्हणायची. आता मी एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करते आणि घरात कुठं भेग पडली की आई पहिल्यांदा मलाच फोन करते. ताईंना म्हणावं एकदा त्या कामाच्या दिवशी शाळेत जाऊन बघा, घरी बसून कळत नाही ते.

ओळंबा

अजून एक राहिलंच, दादा तुमची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी आहे का? वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी असेल तर पहिल्या दोन मुलांना शिष्यवृत्ती आहे, आठवी ते दहावीला वर्षाला 5000 रुपये, हजेरी 75 टक्के पाहिजे. पुढं डिप्लोमाला वेगळी मिळते. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका, माझ्या मामांचं तेवढ्यानं राहिलं होतं.

वाघोलीचा गवंडी

सगळ्यांचे आभार. नोंदणी दोन वर्षांपूर्वी केली होती, नूतनीकरण राहिलंय, सोमवारी खाडा करून जातो. ड्राफ्ट्समनचं बायकोला सांगितलं, ऑफिसात बसून काम असतं का एवढंच तिनं विचारलं. मंजूताई, पुढच्या आठवड्यात तिला शाळेत घेऊन जातो. आणि निदेशक सर, मी पण येऊन पोरांना सुट्टीच्या दिवशी नाही तर त्या कामाच्याच दिवशी भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा लावायला शिकवलं तर चालेल का आमच्या शाळेत? कुणाला विचारावं लागतं?

निदेशक

मुख्याध्यापकांना भेटा आणि तिथल्या निदेशकांना आधी फोन करा. आणि येताना स्वतःची थापी घेऊन या दादा, शाळेतल्या थापीचे दांडे ढिले असतात.