इलेक्ट्रिक कार: नऊ दिवस उभी राहिल्यावर एकामागून एक बॅटरीच्या सूचना, नेमका दोष कुठे शोधावा?

प्रश्न (सातारा)

नमस्कार. माझी इलेक्ट्रिक कार साडेतीन वर्षांची असून तिच्यात एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचा बॅटरी पॅक आहे. ऐन पावसाळ्यात आम्ही नऊ दिवस बाहेरगावी होतो आणि गाडी अंगणात झाकून ठेवली होती. परत आल्यावर गाडी सुरू करताना पडद्यावर प्रथम '१२ व्होल्ट बॅटरी कमी' अशी सूचना आली, लगेच 'हाय व्होल्टेज सिस्टिममध्ये बिघाड' आणि त्यापाठोपाठ ब्रेक, स्टेअरिंग व एअरबॅग यांचेही दिवे लागले. गाडी 'रेडी' होईना. दाराला कुलूप लावून पंधरा मिनिटे थांबल्यावर ती सुरू झाली व चांगली चाललीही, परंतु जाताना ६४ टक्के असलेला चार्ज ५१ टक्के दिसू लागला. सर्व्हिस सेंटरने फोनवरच 'पॅक उघडावा लागेल' असे सांगितल्यापासून घरात सर्वांनाच काळजी लागली आहे. गाडी नेण्यापूर्वी मी स्वतः काय तपासू शकतो?

उत्तर १

सूचना कोणत्या क्रमाने आल्या हे आपण नोंदवलेत, ते फार उपयोगाचे ठरेल. इलेक्ट्रिक कारमध्ये दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात आणि काही शे व्होल्टचा मोठा पॅक वाहनाच्या उर्वरित भागाशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे विद्युत स्विच, लहान १२ व्होल्ट बॅटरीच्या विजेवरच जोडले जातात. लहान बॅटरी उतरली, तर मोठ्या पॅकमध्ये कितीही चार्ज असला तरी गाडी जागची हलत नाही. त्याशिवाय ब्रेक, स्टेअरिंग, एअरबॅग यांचे नियंत्रक कमी व्होल्टेजला मध्येच बंद पडतात, एकमेकांशी त्यांचा संपर्क तुटतो आणि प्रत्येक जण आपापली तक्रार नोंदवतो. एकाच क्षणी पाच असंबद्ध दिवे लागले, तर पाच बिघाड एकदम झाले असे मानण्यापेक्षा त्यांना वीज पुरवणाऱ्या एकाच स्रोताकडे पाहणे अधिक योग्य आहे.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. दार किंवा बॉनेट उघडले की अनेक गाड्यांतील नियंत्रक जागे होतात आणि मीटरवरचा आकडा फसवा येतो. म्हणून संध्याकाळीच बॉनेट उघडे ठेवून गाडीला कुलूप लावावे आणि सकाळी काहीही न उघडता टर्मिनलवर मोजावे. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात, १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी असते आणि १२ च्या खाली जवळजवळ उतरलेली समजावी. नंतर गाडी 'रेडी' करून पुन्हा मोजावे. आता १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले, तर मोठ्या पॅकमधून लहान बॅटरी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर काम करत आहे. आकडा सकाळचाच राहिला, तर दोष कन्व्हर्टरमध्ये किंवा त्याच्या फ्यूजमध्ये असण्याची शक्यता आहे आणि अशा वेळी बॅटरी बदलूनही उपयोग होणार नाही. टर्मिनलवर पांढरट-हिरवट क्षार साचले आहेत का आणि क्लॅम्प घट्ट आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे.

गाडीला मागाहून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर आहे का?

उत्तर २

मी फक्त ६४ वरून ५१ टक्क्यांवर आलेल्या आकड्याविषयी लिहितो. एलएफपी सेलचे व्होल्टेज साधारण २० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असते, त्यामुळे केवळ व्होल्टेज मोजून चार्ज किती उरला हे ठरवणे बॅटरी नियंत्रकाला अवघड जाते. तो आत-बाहेर गेलेल्या करंटचा हिशेब ठेवतो आणि त्या हिशेबात हळूहळू चूक साचते. आपल्या गाडीत १२ व्होल्टचा पुरवठा डळमळल्यावर नियंत्रकाने नव्याने अंदाज बांधला असावा. हा अंदाज पुन्हा अचूक व्हावा (कॅलिब्रेशन) म्हणून घरच्या एसी चार्जरवर १०० टक्के करावे आणि चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत गन काढू नये.

त्यानंतरही शंका राहिली, तर ओबीडी रीडरवर (गाडीच्या निदान-सॉकेटला जोडून आकडे व कोड वाचणारे उपकरण) सर्वांत जास्त व सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक पाहावा. पूर्ण चार्जला तो वाढलेला दिसला म्हणून घाबरू नये, कारण टोकाला तसे होतेच. खरी परीक्षा भार पडल्यावर होते. पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ चढत असताना शेजारी बसलेल्या व्यक्तीने आकडे वाचावेत. सगळे सेल सारखे खाली जात असतील तर ठीक, पण एकच सेल दरवेळी इतरांपेक्षा बराच खाली जात असेल तर पॅकविषयीची शंका रास्त ठरते.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, पण पावसाळा असल्यामुळे एक भर घालणे आवश्यक वाटते. 'हाय व्होल्टेज बिघाड' या एकाच वाक्यामागे इन्सुलेशन कमी झाल्याची नोंदही असू शकते. एआयएस-०३८ या मानकानुसार उच्च व्होल्टेज परिपथ आणि गाडीचा सांगाडा यांच्यातील रोध एसी परिपथासाठी प्रति व्होल्ट ५०० ओहम व स्वतंत्र डीसी परिपथासाठी १०० ओहम तरी असावा लागतो. कनेक्टरमध्ये पाणी शिरले किंवा केबलचे आवरण उंदराने कुरतडले, तर हा रोध घसरतो. गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचून घ्यावेत: 'यू' ने सुरू होणारे कोड संपर्क तुटल्याचे असतात, तर पी०एए६ हा इन्सुलेशनचा असतो. हा कोड निघाला, अथवा पॅकच्या तापमानाची सूचना आली, तर गाडी चालवू नये, चार्जिंगला लावू नये आणि कंपनीच्याच मदतीने हलवावी. उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलना घरी कोणीही हात लावू नये. कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो जरूर घ्यावा; फोटोविना कोड पुसले गेले की वॉरंटीच्या दाव्यात आपल्या हाती काहीच उरत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आदल्या दिवशी चाळीस किलोमीटर चालवूनही सकाळी ११.९ व्होल्ट आणि 'रेडी' स्थितीत १४.१ व्होल्ट मिळाले. कोडमध्ये कमी व्होल्टेजचा एक आणि बाकी सर्व 'यू' चे आहेत, पी०एए६ नाही. डॅशकॅम थेट बॅटरीवर जोडलेला होता. इलेक्ट्रिशियनने करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लावला, तेव्हा झोपलेली गाडी ०.११ अँपिअर खेचत होती, म्हणजे दिवसाला सुमारे २.६ आणि नऊ दिवसांत जवळपास २४ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांच्या जुन्या बॅटरीला ते झेपले नसणार.

उत्तर १

मग डॅशकॅमची ती जोडणी काढून पुन्हा करंट मोजावा आणि बॅटरी बदलावी, मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रकाराचीच. कोडचे फोटो सर्व्हिस सेंटरला दाखवून, पॅक का उघडावा लागेल हे त्यांच्याकडून लेखी मागावे.

प्रश्नकर्ता

बॅटरी काल बदलली. आज सकाळी १२.६ व्होल्ट होते आणि एकही सूचना आली नाही. १०० टक्के चार्जिंग आज रात्री लावतो आहे. सेलचे आकडे खंबाटकीहून आल्यावर इथेच लिहीन.