पंधराशे मीटरच्या शर्यतीत पेसमेकर ठेवता येतो का?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी मुले मुरमाच्या मैदानावर चुन्याची २०० मीटरची फेरी आखून सराव करतात. त्यांतील एक मुलगा १५०० मीटर ४ मिनिटे १२ सेकंदांच्या आसपास धावतो, परंतु आरंभी सुसाट सुटतो आणि हजार मीटरनंतर ढेपाळतो. स्पर्धेत त्याच्यापुढे वेग राखणारा सोबती ठेवणे नियमात बसते का?

उत्तर १: बसते, मात्र तो सोबती त्याच शर्यतीत सुरुवातीपासून धावणारा स्पर्धक असला पाहिजे, मैदानाबाहेरून सायकलवर साथ देणे किंवा फेरीने मागे पडलेल्याने वेग लावून देणे चालत नाही. १९५४ मध्ये ऑक्सफर्डला रॉजर बॅनिस्टर यांनी ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावला, तेव्हा आधी ख्रिस ब्रॅशर आणि नंतर ख्रिस चॅटवे यांनी वेग राखला होता.

उत्तर २: नियमात बसले तरी मी हे सुचवणार नाही, कारण निवड स्पर्धेत दुसऱ्या मुलाची संधी त्यात वाया जाते. ऑलिम्पिकमध्येही पेसमेकर नसतात. लंडनला २०१२ मध्ये डेव्हिड रुडिशा यांनी ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत स्वतः पुढे राहूनच जिंकले. सोबती सरावात मात्र जरूर द्यावा. ४:१२ साठी तुमची प्रत्येक फेरी ३३.६ सेकंदांची हवी. त्याने पाच फेऱ्या हाच वेग राखून बाजूला व्हावे आणि तुमच्या मुलाने वारा अडेल इतके लगत राहावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. घड्याळ घेऊन मीच रेघेवर उभा राहतो.