बसबारवरचे सॉ सेन्सर एकमेकांच्या नावावर तापमान दाखवतात

पॅनेलकर:
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडमध्ये एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. ११ केव्ही पॅनेलच्या बसबार (वीज वाहून नेणाऱ्या जाड धातूच्या पट्ट्या) जॉइंटवर बिनबॅटरीचे, ४३३ मेगाहर्ट्‌झचे सॉ (सरफेस अकूस्टिक वेव्ह, म्हणजे चिपच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या ध्वनिलहरीवर चालणारे) तापमान सेन्सर आहेत, एका अँटेनावर सहा. मे महिन्यात दुपारी लोड चढला आणि स्क्रीनवर आर, वाय, बी या तीन फेजांपैकी वाय फेज तापलेला दिसला. शटडाऊन घेऊन वायचे बोल्ट आवळले. दुसऱ्या दिवशी आयआर विंडोतून (पॅनेल न उघडता इन्फ्रारेड कॅमेऱ्याने बघायची खिडकी) पाहिलं तर तापला होता आर! या सेन्सरला स्वतःचा काही कोड असतो की नाही?

स्फटिक:
या पट्ट्यात बहुतेक रेझोनेटर (आपल्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर घुमणारे सेन्सर) असतात, म्हणजे फ्रिक्वेन्सी हीच ओळख. पट्टा ४३३.०५ ते ४३४.७९, जेमतेम १.७४ मेगाहर्ट्‌झ. सहा जणांत वाटला की प्रत्येकी २९० किलोहर्ट्‌झ. तापमान बदललं की फ्रिक्वेन्सी सरकते, आणि आपला वाटा ओलांडला की रीडर (सेन्सरला सिग्नल पाठवून उत्तर वाचणारं यंत्र) तिला शेजाऱ्याची समजतो. हे वाटे किती अंशांपर्यंत धरून आखलेत, ते पुरवठादाराला लेखी विचारा.

पॅनेलकर:
मग २.४५ गिगाहर्ट्‌झवाले, रिफ्लेक्टरचा बारकोड असलेले घ्यावेत का?

स्फटिक:
त्यांत खरा कोड असतो. लिथियम नायोबेटच्या चिपवर अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक रेघा, प्रत्येक रिफ्लेक्टरचा प्रतिध्वनी ठरलेल्या वेळी परततो. मी वर्षानुवर्षं त्या मायक्रोस्कोपखाली तपासल्यात, एकेक रेघ ०.४ मायक्रॉनची, धुळीचा एक कण बसला की चिप बाद. तिथे पट्टा ८३.५ मेगाहर्ट्‌झ रुंद, म्हणून दोन प्रतिध्वनी १२ नॅनोसेकंदांवर वेगळे ओळखता येतात.

पण तापमान इथेही सोडत नाही. १२८ अंशांच्या कोनात कापलेल्या नायोबेटमध्ये प्रतिध्वनीचा विलंब दर अंश सेल्सिअसला साधारण ७५ पीपीएम (दशलक्षात ७५ भाग) वाढतो. २ मायक्रोसेकंदांचा विलंब आणि १०० अंशांचा फरक धरा: १५ नॅनोसेकंद. म्हणजे १२ नॅनोसेकंदांचं एक अख्खं घर ओलांडून पुढे! ओव्हनमध्ये चाचणी घेताना आमच्या टॅगचा नंबर असाच बदलला होता, आणि दोन दिवस आम्ही दोष सोल्डरिंगमध्ये शोधत बसलो. म्हणून पहिला आणि शेवटचा रिफ्लेक्टर कोडात धरू नका, ते मोजपट्टी म्हणून ठेवा. त्यांच्यातलं अंतर किती ताणलं यावरून तापमान मिळतं, आणि मधली घरंही त्याच प्रमाणात सरकवून वाचता येतात.

लहरी:
ओएफसी, म्हणजे ऑर्थोगोनल फ्रिक्वेन्सी कोडिंगबद्दलही सांगा ना.

स्फटिक:
माझी सगळ्यात आवडती पद्धत. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात डोनाल्ड मलोचा यांच्या गटाने ती वाढवली. प्रत्येक रिफ्लेक्टरची फ्रिक्वेन्सी वेगळी, त्यांचा क्रम म्हणजे कोड. एकाची फ्रिक्वेन्सी दुसऱ्याला जवळपास पारदर्शक, त्यामुळे शेवटच्या रिफ्लेक्टरपर्यंत लहर दमदार पोचते. मात्र पट्टा चांगला रुंद हवा, ४३३ मध्ये ती बसणार नाही.

पॅनेलकर, तुमच्यासाठी आत्ता एकच: एका अँटेनावर तीनच सेन्सर ठेवा आणि वाटे नव्याने आखून घ्या. प्रत्येकाला ५८० किलोहर्ट्‌झ मिळतील. तोवर बोल्टला हात लावण्याआधी आयआर विंडोतून बघा.

पॅनेलकर:
पुढच्या शटडाऊनला तीन-तीन करतो. आकडे इथेच टाकेन.