लहान मुलाच्या देण्याला काय म्हणावं?

माझी लेक साडेचार वर्षांची. काल बालवाडीतून येताना तिच्या डब्यात अर्धा लाडू उरला होता. रिक्षात शेजारी बसलेल्या, तिच्याहून लहान मुलापुढे तिने तो धरला. कुणी सांगितलं नव्हतं. मी 'शहाणी गं माझी बाय' म्हणाले आणि मग दिवसभर ते खटकत राहिलं. शहाणी तर ती दूध संपवलं तरी असते, वेळेवर झोपली तरी असते. या देण्याला बोलीतला नेमका शब्द कोणता? 'औदार्य' पुस्तकी वाटतं, 'दानशूर' म्हटलं की कर्ण आठवतो. 'दानत' चालेल का?

—

'दानत' नको, ताई. त्याचा दानाशी मुळात संबंध नाही. शब्द आला अरबी 'दियानत'वरून, म्हणजे सचोटी. आपल्याकडे तो 'दान'च्या जवळचा वाटला आणि अर्थ देण्याकडे वळला. शिवाय तो येतो बहुधा नकारातच: 'त्याची द्यायची दानतच नाही.' पोरीच्या वाट्याला असा शब्द कशाला?

'मन मोठं' हे मुलांनाही कळतं. फक्त 'मन मोठं कर, दे त्याला' असं दटावून म्हणू नये. पाहुण्यांच्या मुलाला आपल्या मुलाची गाडी आपणच देऊन टाकतो आणि वर त्याला गुणाचा म्हणतो. हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र झालं. मूल रडतं ते चिक्कूपणाने नव्हे, त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

—

मुलांचा स्वतःचा शब्द आहे की! चिमणीचे दात. लिमलेटची गोळी फ्रॉकच्या टोकात गुंडाळायची आणि कापडावरून दातांनी कडकन फोडायची. मध्ये कापड, म्हणजे उष्टं नाही. एका गोळीत तिघी. फोडणारीला बऱ्याचदा चुराच उरायचा, तो ती फ्रॉकवरून बोटाने टिपून खायची. पेरू, कैरी, सगळं असंच. 'चिमणीच्या दातांनी दे ना' हे मुलं मुलांना म्हणत, त्यात मोठं माणूस नसेच. आता घरोघरी 'शेअर कर' ऐकू येतं, ते मात्र बहुतेक वेळा मोठ्यांकडून.

—

सुंदर आठवण. पण मग मी तिला म्हणू काय?

—

मला वाटतं नाव शोधण्याआधी 'कौतुक' हा शब्द नीट पाहावा. संस्कृतात त्याचा अर्थ कुतूहल, उत्सुकता. मराठीत तो वाखाणणीपुरता उरला. लहान मुलाचं कौतुक करताना तो जुना अर्थही जागा ठेवावा. 'शाब्बास' म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा जे दिसलं ते सांगा, 'तू त्याला लाडू दिलास, मी बघितलं', आणि खरंच जाणून घ्यायचं असेल तर विचारा, 'द्यावासा का वाटला गं?' द्यावंसं 'वाटणं' आणि लाडू 'वाटणं' मराठीत एकाच रूपात येतात, मला ते फार आवडतं.

—

आज सकाळी वेणी घालताना विचारलं. म्हणाली, "तो माझ्या डब्याकडे बघत नव्हता ना. मुद्दाम बाहेर बघत होता."