मदत हवी आहे: गॅलक्सी क्वेस्टचे मराठी सबटायटल वाचताच येत नाहीत, शनिवारी शो आहे

वेध_अमळनेर
शनिवारी कॉलेजात गॅलक्सी क्वेस्ट दाखवायचाय, जुन्या अंतराळ मालिकेतले नट खरंच अंतराळात पोचतात तो इंग्रजी विनोदी सिनेमा. मराठी सबटायटल तयार आहेत, पण पडद्यावर नुसता कचरा दिसतो. फाँट बदलून पाहिला, फरक नाही. लवकर सांगा. दुसरा सिनेमा सुचवू नका, पोरांनी भाषांतरात जीव ओतलाय.

तापीकाठ
कचरा म्हणजे काय? चौकोन दिसतात, इंग्रजी अक्षरं दिसतात, की मराठीच दिसतं पण वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडतात? तिन्हींची कारणं वेगळी. लॅपटॉपवरून लावताय की पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला? मजकूर कशात टाइप केला?

नशिराबादी
भो, फॅनबॉईज लावा. २००९ चा आहे. काळ १९९८ चा, स्टार वॉर्सचा नवा भाग लागायच्या आधीच बघायला मित्र ओहायोहून थेट कॅलिफोर्नियाला निघतात. वाटेत आयोवात स्टार ट्रेकवाल्यांशी हाणामारी होते. चाहत्यांवरचा खरा सिनेमा हाच.

अनुराधा_धुळे
त्यांनी सिनेमा विचारलेला नाही. फॅनबॉईजमध्ये अश्लील विनोद पानोपानी आहेत, कॉलेजात लावला तर प्राचार्य मध्येच बंद करतील. २०११ चा पॉल तर शिव्यांनी भरलाय. गॅलक्सी क्वेस्टची निवड बरोबर आहे. त्यात चाहत्यांची नुसती टिंगल नाही. मालिकेतल्या जहाजाचा नकाशा ज्या पोरानं पाठ केलाय, त्याच्याच माहितीवर शेवटी खरं जहाज वाचतं. चाहत्याचं वेड कामाला येतं हे इतक्या प्रेमानं दुसऱ्या कुठल्या विनोदी सिनेमानं दाखवलंय, सांगा.

वेध_अमळनेर
लॅपटॉप, व्हीएलसी प्लेअर. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. टायपिंग डीटीपीवाल्याकडून करून घेतलं, कृतिदेव फाँटमध्ये. शिवाय सुरुवातीला वेळ जुळते, नंतर संवाद होऊन जातो आणि मजकूर मागून येतो. शेवटी तर फारच मागे.

तापीकाठ
हे आधी सांगायला हवं होतं. कृतिदेव युनिकोड नाही, म्हणजे त्यात मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत नाहीत. फाइलमध्ये खरोखर रोमन अक्षरंच आहेत, फक्त तो फाँट त्यांना मराठी रूप देतो.

अक्षरजुळणी_जळगाव
मग सोपं आहे. व्हीएलसीत टूल्स, प्रेफरन्सेस, सबटायटल्समध्ये जाऊन फाँट कृतिदेव निवडा. लगेच मराठी दिसेल. मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरची भानगडच नको.

तापीकाठ
दिसेल, पण अर्धवट. कृतिदेवमध्ये 'ढ' हा लहान कोनी कंसाच्या (<) चिन्हावर आहे. एसआरटी, म्हणजे सबटायटलच्या फाइलमध्ये त्या चिन्हानं फॉरमॅटिंगचा टॅग (अक्षर ठळक, तिरकं करायची खूण) सुरू होतो, त्यामुळे 'पुढे', 'एवढा' आलं की प्लेअर पुढचा मजकूर गिळू शकतो. कन्व्हर्टर लागणारच.

पण अख्खी फाइल कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. वेळेच्या ओळीतला बाणही मराठी अक्षर होऊन बसतो आणि फाइल उघडतच नाही. फक्त संवाद वेगळे काढा, बदला आणि त्याच क्रमानं परत चिकटवा. ओळींची संख्या आधी आणि नंतर मोजा, एक ओळ कमी भरली तरी पुढचं सगळं घसरतं. रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर तिथंच चुकतात. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, ते युनिकोडचं आहे. व्हीएलसी ३ किंवा पुढचं ठेवा, फाँट निर्मला यूआय.

अनुराधा_धुळे
वेळेचं: तुमची सिनेमाची फाइल किती मिनिटांची आहे?

वेध_अमळनेर
९८.

अनुराधा_धुळे
मग कळलं. सिनेमा १०२ मिनिटांचा. तुमची प्रत पाल या टीव्ही पद्धतीची, सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणून सुमारे ४ टक्के वेगानं पळते. सबटायटलच्या वेळा सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या प्रतीच्या आहेत. शेवटापर्यंत ४ मिनिटांहून जास्त फरक पडतो. व्हीएलसीत 'जी' आणि 'एच' दाबून उपयोग नाही, त्यानं सगळं सारखंच सरकतं. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये चेंज फ्रेम रेट घ्या, २३.९७६ वरून २५.

गिरणाकाठ
आपल्या भागात शो करताय तर सुपरमेन ऑफ मालेगावही दाखवा. फैझा अहमद खान यांचा माहितीपट. यंत्रमागाच्या गावातल्या हौशी मंडळींनी आपल्या सिनेमात सुपरमॅन उडवायला काय काय जुगाड केले ते बघून पोरं स्वतः कॅमेरा हातात घेतील.

नशिराबादी
मालेगाव आपल्या खान्देशात नाही, नाशिक जिल्ह्यात. १९०६ ला खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यातल्या एकातही नव्हतं.

गिरणाकाठ
जिल्ह्याची हद्द सांगू नका. तालुक्यात अहिराणी बोलतात, एवढं मला पुरे.

तापीकाठ
हा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. वेध, प्रेक्षक कोण? बाहेरचे लोक बोलावलेत का?

वेध_अमळनेर
फक्त विद्यार्थी आणि शिक्षक. काही पालक.

तापीकाठ
मग चालेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात एवढ्याच प्रेक्षकांपुरती सिनेमा दाखवायची सूट आहे. गावात बोर्ड लावून सगळ्यांना बोलावलं तर ती लागू होत नाही.

अनुराधा_धुळे
हँडब्रेक या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरनं मजकूर चित्रातच बसवणार असाल तर क्रॉपिंग बंद ठेवा. या सिनेमाची चौकट मध्येच बदलते. सुरुवातीचा जुन्या मालिकेचा भाग टीव्हीसारखा चौकोनी, मग रुंद, आणि नायकाला आपण खरंच अंतराळात आहोत हे कळतं तिथं आणखी रुंद, निदान थिएटरसाठी तशी रचना होती. आपोआप क्रॉप केलं तर कडा कापल्या जाऊ शकतात. प्रोजेक्टरवाल्यालाही सांगा, सुरुवातीला बाजूला काळं दिसलं तरी झूमला हात लावायचा नाही.

वेध_अमळनेर
जमलं. मराठी दिसतंय, 'पुढे' पण नीट आहे. चार ओळी रफारावर चुकल्या होत्या, हातानं दुरुस्त केल्या. फ्रेम रेट बदलल्यावर शेवटचा प्रसंगही जुळला. लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण प्रोजेक्टरचं काय?

अक्षरजुळणी_जळगाव
संगणकाच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर मोठा प्रोजेक्टर टाकू नका, एकदम बंद पडतो. प्रोजेक्टरच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. ३०० वॅटचा असेल तर घरगुती इन्व्हर्टर घ्या, बॅटरी १५० एएचची. स्पीकर त्याच्यावरच जोडायचे असतील तर त्यांचे वॅट आधी सांगा.