जुगाडानं वाचवलं म्हणे!

खापरखेडेकर:
आपल्याच नागपूरच्या एका भाऊंची पोस्ट काल तीन ठिकाणांहून फिरत माझ्याकडे आली. मजकूर असा: 'उत्तराखंडात सिलक्याऱ्याला आडवं भोक पाडणारी अमेरिकन ऑगर मशीन मोडली, उंदरासारखी अरुंद बिळं खणणाऱ्या रॅट होलवाल्यांनी हातानं डोंगर फोडून 41 मजूर काढले. जुगाड जिंकला. मग खदानींच्या रेस्क्यू स्टेशनवर पैसा काहून घालवायचा? तिथं तर लोक व्हॉलीबॉल खेळून राहिले.'

खेळतात ना जी. खदानीत अपघात झाला की उतरणारं पथक तिथं तयारीत असते. मीही त्यात खेळलो. पाठीवर 15 किलोंच्या आसपासचं श्वासाचं यंत्र, धुरानं भरलेली गॅलरी म्हणजे सरावाचा बोगदा, हात नाकाजवळ नेला तरी दिसत नाही, अन् ओढायला स्ट्रेचरवर माणसाच्या वजनाचा पुतळा. असं रांगायला दम लागतो. तो सोफ्यावर बसून पोस्टी टाकल्यानं येत नाही.

आता सिलक्यारा. छत खचून झालेला ढिगारा साठेक मीटरचा, पलीकडे मजूर. हातानं खणला तो शेवटचा 10-12 मीटर. त्याआधीचा पाइप कोणी सरकवला? त्याच मोडक्या मशीननं. पोरं भारीच, वाद नाही, पण ती त्या 800 मिमीच्या पाइपात बसूनच खणत होती.

सावजी_रस्सा:
काका, पाया पडतो, पण 17 दिवस लागले हेही लिहा की. 12 नोव्हेंबर 2023ला, ऐन दिवाळीत अडकले, 28ला बाहेर आले. डिग्रीवाले शंभर उभे होते तिथं, शेवटी आत घुसले कोण? एरवी पाइपलाइन टाकणारे, हातावर पोट असलेले लोक. त्यातल्या एकाचं दिल्लीतलं घर तीन महिन्यांत बुलडोझरनं पाडलं. रेस्क्यूवाल्यांचं क्वार्टर पाडलं का कोणी?
आणि 1989चं महावीर विसरले? राणीगंजला खदानीत पाणी शिरलं, 65 जण आत जिवंत अडकलेले. जसवंतसिंग गिल साहेबांनी लोखंडी डबा बनवून घेतला, भोकातून स्वतः खाली उतरले, सगळ्यांना वर काढलं. जुगाडच ना तो?

मिहानवासी:
सिलक्यारा खाण नाही, बोगदा आहे. चालू द्या.

खापरखेडेकर:
बोगदा तर बोगदा. 2018च्या मंजुरीत सुटकेचा मार्ग लिहिलेला होता. तो झाला असता तर ना ऑगर लागली असती, ना चॅनेलवाले.
सावजीभाऊ, गिल साहेब मायनिंग इंजिनीअर होते. डबा घाईत बनला, कबूल. पण भोक कुठं पाहिजे हे कोण सांगते? खदानीचा नकाशा. मेघालयात क्सानला 2018 साली 15 जण अडकले. बेकायदा रॅट होल, नकाशा कशाचा! नौदलाचे पाणबुडे आले, मोठाले पंप आले, हाती लागले दोन मृतदेह. 2014 पासून तिथं रॅट होलवर बंदी आहे ती काय हौस म्हणून?

सावजी_रस्सा:
बरं बावा, नकाशा जिंकला. जुगाडाचा सत्कार रद्द. हार तुमच्याकडे पाठवतो.

पारशिवनीची_सून:
नकाशाचं नाव निघालंच म्हणून. आमच्या वावराखालून खदान गेली. दोन वर्षांमागं पऱ्हाटीत भेग पडली, धुऱ्यापासून विहिरीपर्यंत. दगड टाकला तर आवाज येत नाही. विचारायला गेलो तर म्हणाले, तुमचं वावर नकाशात येत नाही. कोळसा काढल्यावर पोकळीत रेती भरतात ना? मग ती कुठाय?

कन्हानकाठ:
ताई, रेती रात्री दोन वाजता टिप्परमधून नागपूरला जाते. कोणाच्या तरी स्लॅबमध्ये आहे तुमची रेती. लहानपणी आम्ही नदीत चपला विसरलो की पाय भाजायचे, एवढी रेती होती. आता गाळ अन् बेशरमाची झाडं.

खापरखेडेकर:
विषय रेस्क्यूचा आहे. अन् प्रत्येक ठिकाणी रेती भरत नाहीत. कोळसा काढून मागं राहते त्या पोकळीला गोफ म्हणतात, परवानगी घेऊन तिचं छत पाडतातही.

पारशिवनीची_सून:
तुमचं छत म्हणजे आमची जमीन आहे काका!

मिहानवासी:
रेतीसाठी वेगळा धागा काढा ना कोणी.

कन्हानकाठ:
आधी तुमच्या फ्लॅटची रेती कुठून आली ते सांगा.

मिहानवासी:
एम-सँड आहे, दगड फोडून केलेली.

कन्हानकाठ:
असं बिल्डर म्हणला असेल.

मिहानवासी:
तुमच्यासारख्यांमुळेच इथं कोणी शिकलेला माणूस लिहीत नाही.

ठेक्यावरचा:
सगळे 41 अन् 65 मोजून राहिले. आमच्याकडे माणूस एकेक करून जातो, छत पडून. त्याच्यासाठी मशीन येत नाही.
छत सळईनं ठोकून बघायचं असते. टणटण वाजलं तर घट्ट, ढब वाजलं तर मागं सरायचं. मागच्या पावसाळ्यात ढब वाजलं. मी सांगितलं. वरचा म्हणे, पाळी संपत आली, तेवढा माल काढून घ्या. दोनदा ठोकून दाखवलं तेव्हा कुठं 'बरं, सरका' म्हणाला. तिघं सरलो, चौथा डब्याची पिशवी घ्यायला परतला. कंबर गेली त्याची. आम्हीच उचलून बाहेर आणला. रेस्क्यू स्टेशनला फोन लावायचंही कोणाला सुचलं नाही. तुमचे व्हॉलीबॉलवाले चांगलेच असतील काका.

सावजी_रस्सा:
आता बोला.

खापरखेडेकर:
काय बोलू. ढब वाजल्यावर माणसं काढायचं काम सरदाराचं, म्हणजे पाळीवर सुरक्षा बघणाऱ्याचं. मी सतरा वर्षं सरदार होतो. एकदा मीही ढब ऐकून न ऐकल्यासारखं केलं, टनेज कमी होतं म्हणून. त्या दिवशी छत थांबलं, बस. ही गोष्ट घरीही सांगितली नाही कधी.
पोस्टवाल्या भाऊंवरचा राग मात्र कायम आहे.

सावजी_रस्सा:
राहू द्या काका. हार खरंच पाठवतो.

पारशिवनीची_सून:
अन् माझ्या भेगेचं?

खापरखेडेकर:
रविवारी येतो ताई. सळई आणतो.

पारशिवनीची_सून:
माती वाजत नाही काका. बूट घालून या, काठ सुटतो.