मदत हवी आहे: अमेरिकेच्या नकाशावर पक्षांनी जागा बदलल्या की मतदारांनी?

निवृत्त_भूगोल

नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला एकेक सभासद एखाद्या विषयावर बोलतो. पुढची पाळी माझी आहे आणि मी हौसेने 'अमेरिकेचा मतदानाचा नकाशा' हा विषय घेऊन बसलोय. श्रोत्यांपैकी निम्म्यांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्यामुळे ठोकून देऊन चालणार नाही. पाऊण तास मिळतो, त्यातला बराच माईक जुळवण्यात जातो.

अडलंय ते असं. 1896 चा अध्यक्षीय निवडणुकीचा नकाशा आणि 2004 चा नकाशा शेजारी शेजारी ठेवले. 1896 मध्ये डेमोक्रॅट ब्रायन यांनी 22 राज्यं जिंकली होती. त्यांतली 21 राज्यं 2004 मध्ये रिपब्लिकन बुश यांच्याकडे! अपवाद एकट्या वॉशिंग्टन राज्याचा. उलट बाजूने पाहिलं तर रिपब्लिकन मॅकिन्ली यांच्या 23 राज्यांपैकी 17 राज्यं 2004 मध्ये डेमोक्रॅट केरींना. नकाशा जणू उलटा करून शिवलाय.

गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा रिपब्लिकन पक्ष दक्षिणेचा पक्ष कसा झाला, याचं जे उत्तर सगळीकडे मिळतं ते एका वाक्याचं असतं: '1964 मध्ये नागरी हक्क कायदा झाला आणि पक्षांनी जागा बदलल्या.' ते मला पचत नाही. कारण वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या त्या कायद्याला सिनेटमध्ये रिपब्लिकनांनी 27 विरुद्ध 6 असा पाठिंबा दिला, डेमोक्रॅटांनी 46 विरुद्ध 21. म्हणजे प्रमाणात रिपब्लिकनच जास्त बाजूने होते. मग दक्षिणेतले गोरे चिडून त्यांच्याकडेच कसे गेले? आणि 1976 मध्ये कार्टर यांना व्हर्जिनिया सोडून जुन्या बंडखोर संघातली (यादवी युद्धात फुटून निघालेली दक्षिणेची) सगळी राज्यं कशी मिळाली?

संघात हे सांगितलं की कुणीतरी 'म्हणजे आयाराम-गयारामच की' म्हणणार हे नक्की. त्याला काय उत्तर देऊ?

चिमणराव_टेक्सासकर

मास्तर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. आयाराम-गयाराम नव्हे. कायद्याच्या विरोधात मत देणाऱ्या त्या 21 डेमोक्रॅट सिनेटरांपैकी पुढे रिपब्लिकन झाले ते एकटे स्ट्रॉम थर्मंड, साउथ कॅरोलिनाचे. बाकीचे मरेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत डेमोक्रॅटच राहिले. नेते जागेवर बसून होते, खालून मतदार सरकला. तोही पिढीपिढीने.

तुमचा 27-6 चा आकडा बरोबर आहे, पण त्या सहांत बॅरी गोल्डवॉटर होते आणि काही आठवड्यांत तेच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले. मतदाराने सिनेटची यादी पाहिली नाही, उमेदवार पाहिला. कायद्यावर सही करणारे जॉन्सन डेमोक्रॅट, विरोधात मत देणारा उमेदवार रिपब्लिकन. नोव्हेंबरमध्ये देशभर गोल्डवॉटर आपटले, 486 विरुद्ध 52 इलेक्टोरल मतं (राज्यवार मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी). मिळाली ती स्वतःचं ॲरिझोना आणि खोल दक्षिणेची पाच राज्यं. जॉर्जियाने तर रिपब्लिकन उमेदवाराला आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. मिसिसिपीचे दोन आकडे फळ्यावर लिहा, बाकी काही बोलायची गरज नाही: 1936 मध्ये डेमोक्रॅट रूझवेल्टना 97 टक्के, 1964 मध्ये रिपब्लिकन गोल्डवॉटरना 87 टक्के.

एडिसनवासी

चिमणराव, 1964 वर फार भार टाकताय. फूट त्याआधीच पडली होती. 1948 मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवायचा आदेश काढला, आणि हेच थर्मंड वेगळी चूल मांडून चार दक्षिणी राज्यं घेऊन गेले. 1952 मध्ये रिपब्लिकन आयझेनहॉवर यांनी व्हर्जिनिया, टेनेसी, फ्लोरिडा, टेक्सास जिंकलं. तिथे वर्णाइतकीच नवी उपनगरं, नवे कारखाने आणि उत्तरेतून आलेली मंडळी कामाला आली होती. फक्त वर्णद्वेष हे उत्तर मिसिसिपीला लागू पडतं, डॅलसला तेवढं नाही.

माझ्या मते मुळाशी जायचं तर 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, फिलाडेल्फियाला गेले, तिथून सुरुवात करा. दक्षिणेत त्यांना मत नव्हतं, तिकडे होतं. रूझवेल्ट यांच्या काळात हा उत्तरेतला मतदार लिंकनचा पक्ष सोडून डेमोक्रॅटांकडे आला. मग एकाच पक्षात डेट्रॉइटचा कृष्णवर्णीय कामगार आणि त्याच्या गावचा त्याला मतदान करू न देणारा गोरा जमीनदार, दोघंही! ही आघाडी टिकली हेच नवल.

(संघात कान टवकारायला एक माहिती: त्याच डेट्रॉइटच्या मतदारसंघातून 2022 मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार निवडून आले. जवळजवळ 70 वर्षांत पहिल्यांदा त्या शहराचा काँग्रेसमध्ये, म्हणजे तिकडच्या संसदेत, कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही.)

निवृत्त_भूगोल

वा, ठाणेदारांचं नक्की सांगतो. पण कार्टर अजून सुटले नाहीत. शिवाय मी भूगोलाचा माणूस, मला हे राज्यांचे ठोकळे पुरत नाहीत. दक्षिणेचा जिल्हावार, म्हणजे तिकडचा काउंटीवार, नकाशा पाहिला तर आजच्या तांबड्या (रिपब्लिकन) दक्षिणेतून एक निळा (डेमोक्रॅट) पट्टा कमानीसारखा वाकत जाताना दिसतो. अलाबामाच्या मधून, मिसिसिपीकडे. मोठं शहर म्हणावं तर माँटगोमेरी सोडून काही नाही. हा पट्टा कशाचा?

काळीमाती

मास्तर, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून खास लॉगिन केलं. तो पट्टा समुद्राचा आहे!

क्रीटेशस युगात, डायनोसॉर फिरत होते तेव्हा, समुद्राचा किनारा आजच्या अलाबामा-मिसिसिपीच्या मधून जात होता. त्या उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ साचला, त्यावर पुढे काळी, जड, कसदार माती तयार झाली. आपल्याकडे वऱ्हाड-खानदेशात काळ्या रानात कपाशी का, हे तुम्ही वर्गात शेकडो वेळा शिकवलं असेल, तसंच तिथे झालं. फरक एवढाच की तिथली कपाशी गुलामांकडून पिकवून घेतली. जिथे माती काळी तिथे मळे मोठे, जिथे मळे मोठे तिथे गुलाम जास्त, आणि त्यांचे वंशज आजही त्या काउंट्यांमध्ये बहुसंख्य आहेत. 'ब्लॅक बेल्ट' हे नाव मुळात मातीवरून पडलं, माणसांवर ते नंतर चिकटलं.

आता खरी मेख. 1940 चा नकाशा काढा. हा पट्टा तेव्हाही डेमोक्रॅट होता. आजही डेमोक्रॅट आहे. मग इथे काही बदललंच नाही म्हणायचं का?

लाउंड्स काउंटी घ्या, सेल्मा आणि माँटगोमेरीच्या मध्ये. कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठीचा 1965 चा तो प्रसिद्ध मोर्चा तिच्यातूनच गेला. लोकसंख्येत पाचांतले चार कृष्णवर्णीय. पण 1965 साल उजाडलं तेव्हा मतदार यादीत त्यांच्यातला एकही नाही. मतदानासाठी कर, साक्षरतेची परीक्षा, परीक्षा घेणारा गोरा अधिकारी, आणि एवढ्यावर भागलं नाही तर बंदूक. म्हणजे 1940 मध्ये डेमोक्रॅटांना मत देत होते ते मूठभर गोरे, कृष्णवर्णीयांना दाबून ठेवणारा पक्ष म्हणून. ऑगस्ट 1965 मध्ये मतदान हक्क कायदा आला, केंद्राचे अधिकारी येऊन नावं नोंदवू लागले. आता तीच काउंटी मोठ्या फरकाने डेमोक्रॅटांना मत देते, पण देणारे ते गोरे नव्हेत, त्यांच्या शेतात राबणाऱ्यांची नातवंडं.

तेव्हा तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाला 'पक्ष की मतदार' असं दोन पर्यायांत उत्तर नाही. नकाशाचा एखादा तुकडा तीन कारणांनी रंग बदलतो. तिथला माणूस मन बदलतो, तिथे राहायला वेगळी माणसं येतात, किंवा ज्यांना मतच नव्हतं त्यांना ते मिळतं. आणि लाउंड्ससारखं तिसरं कारण पहिल्याला बरोबर छेद देऊन गेलं, तर रंग तोच राहून आतलं सगळं पालटतं. प्रत्येक ठिकाणी विचारा, तीनपैकी कुठलं?

तुमच्या 1896 आणि 2004 च्या आरशालाही हे लावून बघा. कॅन्सस आणि नेब्रास्का 1896 मध्ये ब्रायन यांच्याकडे गेले ते कर्ज आणि रेल्वेचं भाडं यांनी पिचून, चांदीचं नाणं आलं की पैसा सुटेल या आशेने. चारच वर्षांनी, तेच दोन उमेदवार समोर असताना, दोन्ही राज्यं मॅकिन्लीकडे परतली. नेब्रास्का तर ब्रायन यांचं घरचं राज्य! तेव्हा कॅन्सस आणि मिसिसिपी 2004 मध्ये एका रंगात दिसले तरी त्यांची कहाणी एक नाही. तो आरसा दाखवा, लोकांना मजा वाटेल, पण त्यावर सिद्धांत उभा करू नका.

चिमणराव_टेक्सासकर

काळीमाती, दंडवत.

मास्तर, कार्टर यांचं सांगतो. ते जॉर्जियाचे, शेंगदाण्याची शेती करणारे, देवभोळे बाप्टिस्ट. घरचा माणूस उभा होता, आणि जोडीला आता कृष्णवर्णीयांची मतंही होती. गोरा दक्षिणी मतदार अध्यक्षपदाला 1964 पासून मन मानेल तसा वागत होता, 1968 मध्ये तर पाच राज्यं तिसऱ्याच माणसाला, जॉर्ज वॉलेसना देऊन मोकळा झाला. पण गावात शेरीफ, आमदार, न्यायाधीश सगळे डेमोक्रॅट. आजोबांपासूनचं नातं. काँग्रेसमधल्या दक्षिणेच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांना मिळायला 1994 उजाडलं, आणि अलाबामाचं विधिमंडळ तर 2010 मध्ये पडलं. वरचा मजला आधी गेला, तळमजला चाळीस-पन्नास वर्षांनी. टेक्साससाठी मात्र 1976 हे शेवटचं डेमोक्रॅट वर्ष.

आता माझ्या राज्यातली ताजी गोष्ट. रिओ ग्रांदे नदीकाठी स्टार काउंटी आहे, जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन मुळाची. 1896 पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅट. 2016 मध्ये क्लिंटनना 79 टक्के मिळाले. 2020 मध्ये बायडेन कसेबसे 52 वर. 2024 मध्ये ट्रम्प 57 च्या पुढे. आठ वर्षांत! आणि इथे कुणी नवीन राहायला आलं नाही, कुणाला नवा हक्क मिळाला नाही. काळीमातींच्या यादीतलं पहिलं कारण, शुद्ध. महागाई, तेलावरचं आणि सीमा दलातलं काम, 'आम्हाला गृहीत धरलं' हा राग, हे सगळं तिथे ऐकू येतं. कशाचा वाटा किती, हे कुणी ठामपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

एडिसनवासी

तसंच केंटकीची एलियट काउंटी. 1869 मध्ये स्थापन झाली, 2012 पर्यंत एकदाही रिपब्लिकन अध्यक्षाला मत नाही, आणि 2016 मध्ये ट्रम्पना 70 टक्के. छोटीशी, जवळजवळ सगळी गोरी, डोंगराळ. वेस्ट व्हर्जिनियाही त्याच मार्गाने गेलं: कोळसा खाणींच्या युनियन होत्या तोवर 1988 मध्ये हरणाऱ्या डुकाकिसनासुद्धा मत, 2000 पासून कायम रिपब्लिकन.

उलट दिशेचं उदाहरणही ठेवा, नाहीतर एकतर्फी होईल. व्हरमाँट 1856 ते 1960 दर वेळी रिपब्लिकन, 1936 च्या रूझवेल्ट लाटेतसुद्धा मेन आणि व्हरमाँट दोनच राज्यं उभी राहिली होती. आज अगदी पक्कं डेमोक्रॅट. तिथे मात्र बाहेरून आलेल्यांचा हात मोठा. आणि कॅलिफोर्नियाची ऑरेंज काउंटी, 1936 नंतर पहिल्यांदा 2016 मध्ये डेमोक्रॅटांकडे आली. नवी वस्ती, शिवाय पदवीधर गोऱ्यांनी ट्रम्पकडे फिरवलेली पाठ, दोन्ही एकदम. आमच्या न्यू जर्सीकडे मात्र पक्कं निळं म्हणून बघू नका. 2020 मधला सुमारे 16 टक्क्यांचा फरक 2024 मध्ये 6 वर आला.

निवृत्त_भूगोल

मंडळी, भाषणाचा सांगाडा मिळाला. 1896 चा आरसा फक्त तोंडी लावायला, मग लाउंड्स, मग मिसिसिपीचे दोन आकडे, मग स्टार काउंटी. व्हरमाँटला एक मिनिट. आयझेनहॉवरवर कुणी विचारलं तर डॅलस सांगेन. आता काउंटीवार जुने नकाशे कुठे मिळतील तेवढं सांगा. आमच्याकडे पडदा आहे, प्रोजेक्टर शेजारच्या शाळेतून येतो.

काळीमाती

डेव्ह लाइप यांचा निवडणूक ॲटलास बघा, जालावर आहे. पण सावधान: त्यात डेमोक्रॅट तांबडे आणि रिपब्लिकन निळे आहेत, हल्लीच्या बरोबर उलट. तांबडे म्हणजे रिपब्लिकन हा संकेत रूढ झाला तो 2000 च्या निवडणुकीत, फ्लोरिडाची मोजणी आठवडेच्या आठवडे टीव्हीवर चालली तेव्हा. त्याआधी वाहिन्या आपापल्या मर्जीने रंगवायच्या. सगळे नकाशे एकाच ठिकाणचे घ्या किंवा स्वतः एका रंगसंगतीत रंगवून घ्या, नाहीतर अर्धा वेळ 'म्हणजे निळा कोण?' यातच जाईल. अलाबामाच्या पट्ट्यासाठी शेजारी मातीचा नकाशा लावा, आधी माती आणि मग मतदान.

चिमणराव_टेक्सासकर

आणि काउंटीच्या नकाशात रिकामी जमीनही मत देताना दिसते, हे आधीच सांगून टाका. लॉस एंजेलिस काउंटीत कोटीभर माणसं राहतात, टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत शंभराच्या आत. पडद्यावर दोन्ही एकेक ठिपका.

निवृत्त_भूगोल

रंगवायला नातीला बसवलंय. तिचा पहिला प्रश्न: आजोबा, 1948 च्या थर्मंडना कुठला रंग देऊ?

एडिसनवासी

पिवळा द्या. वॉलेसनाही तोच.